मोरीच्या पलीकडे : घरात वापरलेल्या पाण्याचा इतिहास



आजचा विषय सांडपाण्याचा घरगुती पुनर्वापर. अंघोळीचं, धुण्याचं पाणी गाळून झाडांना किंवा संडासाच्या टाकीला कसं वापरायचं, हा प्रश्न आता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांपासून लातूर-बीडच्या घरांपर्यंत सगळीकडे विचारला जातो. विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हे काम प्लंबरचं, फार तर अभियंत्याचं. तत्त्वज्ञान शिकवत आलेल्या माणसानं त्यात काय सांगायचं? शंका रास्त आहे. पाइप किती इंचाचा घ्यावा हे आम्ही सांगणार नाही. पण पाइप टाकण्याआधी एक प्रश्न येतो आणि तो इतिहासाचा आहे: घरातून बाहेर पडलेलं पाणी कोणाचं? ते जिथे जातं तिथे कोण उभं असतं?

पाण्याचा जो इतिहास आपल्याला शिकवला जातो तो बहुतेक घरात येणाऱ्या पाण्याचा असतो. विहिरी, बारव, कात्रजहून पुण्यात आणलेलं पेशव्यांचं नळाचं पाणी, धरणं, आणि १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह. हे सगळं महत्त्वाचंच. पण प्रत्येक येणाऱ्या पाण्यामागे एक जाणारं पाणी असतं आणि त्याचाही इतिहास आहे. तो कमी लिहिला गेला, कारण ज्यांनी लिहिलं ते घराच्या पुढच्या दारानं ये-जा करणारे होते आणि हे पाणी मागच्या बाजूनं जात होतं.

शब्दांपासून सुरुवात करू

इंग्रजीत आता दोन शब्द रूढ झालेले आहेत. अंघोळ, कपडे, हात-पाय धुणं यातून निघतं ते 'ग्रे वॉटर' आणि संडासातून निघतं ते 'ब्लॅक वॉटर'. स्वयंपाकघरातल्या पाण्याला काही जण इकडे घालतात, काही तिकडे. मराठीत ही विभागणी व्यवहारात आधीपासून आहे. एक सांडपाणी, दुसरं मैलापाणी. महानगरपालिकेच्या पाट्यांवर 'मैलापाणी शुद्धीकरण केंद्र' असं लिहिलेलं आपण वाचतोच.

आता 'सांडणे' हे क्रियापद बघा. आज आपण ते द्रवाबद्दल वापरतो. दूध सांडलं, पाणी सांडलं. जुन्या मराठीत, संतवाङ्मयात, 'सांडणे' म्हणजे सोडून देणे, टाकणे. सांडपाणी म्हणजे काम झाल्यावर सोडून दिलेलं पाणी. त्या शब्दात पाणी घाण असल्याचं विधान नाही, मालकानं हात काढून घेतल्याचं विधान आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा शब्द 'मोरी'. मोरी हा घराचा एक नेमका कोपरा: दगडी फरशी, तिला थोडा उतार, भिंतीत एक भोक. 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा' ही म्हण आपण विसंगत काटकसरीबद्दल वापरतो. पण म्हण तयार व्हायला मुळात मोरीच्या भोकाकडे घरातल्या माणसांचं लक्ष असावं लागतं. आजच्या न्हाणीघरातल्या स्टीलच्या जाळीवर एखादी म्हण तयार होईल का? आपण ती जाळी तुंबली तरच तिच्याकडे बघतो.

तीन गोष्टी: किती, कसं, कुठवर

जुन्या घरातल्या सांडपाण्याचा विचार करायचा तर तीन बाजूंनी करावा लागतो. ते किती होतं, त्यात काय होतं आणि ते कुठवर जात होतं.

किती? पाणी डोक्यावरून किंवा रहाटानं आणायचं असे, म्हणजे ते कळश्यांनी मोजलं जाई. कळशी कोण आणत होतं हे वेगळं सांगायला नको. घरातल्या बायका आणत होत्या. ज्या बाईनं विहिरीतून चार कळश्या उपसल्या तिला पाचव्या कळशीची किंमत ठाऊक असते. अंघोळ घंगाळात पाणी विसणून तांब्यानं होई. त्यामुळे जाणारं पाणीही बेताचंच असे.

त्यात काय होतं? अंगाला डाळीचं पीठ किंवा उटणं, केसांना शिकेकाई, किमती कपड्यांना रिठा, भांड्यांना राख. हे सगळे पदार्थ मातीतून आलेले आणि मातीत परत जिरणारे. लाकडाच्या राखेत पालाश असतं, ते झाडांना उपयोगीच. जुन्या माणसांनी रसायनशास्त्राचा अभ्यास करून हे ठरवलं होतं, असं म्हणायचं कारण नाही. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. पण परिणाम असा होता की मोरीतून बाहेर पडणारं पाणी झाडाला घातलं तर झाड मरत नसे.

आणि कुठवर? बहुतेक वेळा भिंतीच्या पलीकडे दहा-पंधरा पावलं. कोकणात न्हाणीचं पाणी पन्हळीतून परसातल्या केळीला, अळवाला, नाहीतर माडाच्या आळ्यात जाई. देशावर मोरीच्या तोंडाशी कर्दळ, अळू, एखादं केळीचं बेट दिसे. ही झाडं निवडण्यात शहाणपण होतं. केळ आणि कर्दळ भरपूर पाणी पितात आणि ओल्या पायांनी जगतात. अळू दलदलीतलंच, शिवाय ते शिजवल्याशिवाय कोणी खात नाही. आज अभियंते पाणी शुद्ध करण्यासाठी पाणवनस्पतींचा वाफा बांधतात तेव्हा त्यात कर्दळ लावतात. यादी फारशी बदललेली नाही.

इथे एक जास्त जुना दाखला द्यायला हवा. मोहेंजोदडोच्या घरांमध्ये, म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, भाजलेल्या विटांची, उताराची अंघोळीची जागा सापडते आणि तिचं पाणी रस्त्यावरच्या झाकलेल्या गटारात जाताना दिसतं. काही ठिकाणी गटाराला न जोडता पाणी मुरवण्यासाठी जमिनीत भांडी पुरलेली आहेत. म्हणजे 'पाणी गावाबाहेर न्या' आणि 'पाणी इथेच मुरवा' हे दोन्ही पर्याय त्या शहरात शेजारी शेजारी होते. पुढचा सगळा इतिहास या दोन पर्यायांमधल्या ओढाताणीचाच आहे.

मागच्या दाराचा हिशेब

इथवरचं चित्र ऐकायला गोड आहे आणि इथेच थांबलं तर ते खोटं ठरेल. आजकाल 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असं म्हणून व्याख्यान संपवायची पद्धत पडली आहे. आपण तसं करायचं नाही.

मोरीचं पाणी केळीला घालता येत होतं याचं कारण काय? त्या पाण्यात मैला मिसळलेला नव्हता. आणि मैला का मिसळलेला नव्हता? कारण संडास घरापासून दूर होता, तो पाण्याचा नव्हता, टोपलीचा होता, आणि ती टोपली दुसरा माणूस उचलून नेत होता. ज्यांच्या गावात संडासच नव्हते त्यांचा प्रश्न वेगळा. पण शहरातल्या वाड्यांत, चाळींत, कसब्यांत सांडपाण्याची ती सोपी, बागेत जिरणारी व्यवस्था भंगी म्हटल्या गेलेल्या जातीतल्या बायका-पुरुषांच्या डोक्यावर उभी होती. त्यांना येण्यासाठी मागे वेगळी वाट असे. त्या वाटेवर आणि परसातल्या केळीच्या वाटेवर फार अंतर नव्हतं.

मुंबईत तर ही वाट इमारतीच्या नकाशातच होती. दोन इमारतींच्या मध्ये एक अरुंद बोळ सोडलेला असे, त्याला 'घरगल्ली' म्हणत. वरच्या मजल्यांवरच्या मोऱ्यांचं पाणी भिंतीवरून या गल्लीत उतरे आणि संडासाच्या टोपल्याही याच गल्लीतून उचलल्या जात. बागेच्या जागी तिथे नुसती गल्ली होती. केळ नव्हती, माती नव्हती, फक्त पाणी होतं आणि त्यात उभा राहून काम करणारा माणूस होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं १९४९ मध्ये या कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. बर्वे समिती म्हणून ती ओळखली जाते. तिचा अहवाल १९५२ साली आला. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद करायला सुधारलेली साधनं द्या, असं सांगावं लागलं हे १९५२ साल आहे. कायद्यानं बंदी यायला १९९३ उजाडलं आणि तो कायदा अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

म्हणून जुन्या व्यवस्थेकडे बघताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर हव्यात. पाणी वेगळं ठेवणं ही तिच्यातली शहाणी गोष्ट होती आणि माणूस वेगळा ठेवणं ही अन्यायाची. दोन्ही एकाच भिंतीवर टेकलेल्या होत्या. आपल्याला पहिली हवी असेल तर ती दुसरीपासून सोडवून घ्यावी लागेल, आणि ते आपोआप होत नाही.

नळ आधी आला, गटार नंतर

एकोणिसाव्या शतकात हे सगळं बदललं. इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक यांचा कामगारवस्त्यांच्या आरोग्यावरचा अहवाल १८४२ चा. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटचं काम चालवणं कठीण झालं आणि मग जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांना मंजुरी मिळाली. पॅरिसनं १८९४ मध्ये कायदाच केला की घरातलं सगळं गटारात सोडायचं. सगळं, म्हणजे अंघोळीचं, स्वयंपाकाचं आणि संडासाचंही, एकाच नळात.

मुंबईत क्रम थोडा उलटा झाला. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी शहरात आलं, पुढे तुळशीचं, १८९२ मध्ये तानसाचं. पाणी मुबलक आलं पण ते बाहेर जाण्याची सोय त्या वेगानं झाली नाही. कळश्यांनी येणारं पाणी नळानं आलं की मोरीतून जाणारं पाणीही तेवढंच वाढतं, ही साधी गोष्ट योजनेत मागे राहिली. घरगल्ल्या ओल्या राहू लागल्या. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग निघाला तेव्हा अधिकाऱ्यांचा पहिला संशय गटारांवर आणि ओलीवर गेला. समुद्राच्या पाण्यात कार्बोलिक मिसळून गटारं धुऊन काढली गेली. प्लेगचा प्रसार उंदरांवरच्या पिसवांमार्फत होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये दाखवलं. गटार धुऊन प्लेग जाणार नव्हता. पण कॉलरा, हगवण, विषमज्वर हे रोग मात्र घाण पाण्यातून पसरतात आणि तिथे भुयारी गटारांनी असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही.

भुयारी गटारानं आणखी एक काम केलं. ज्या घरात फ्लशचा संडास आला त्या घरातून टोपली गेली. हा छोटा फायदा नाही. गटारावर टीका करताना पर्यावरणवादी मंडळी हे विसरतात, म्हणून मुद्दाम सांगतो आहोत.

मात्र किंमत मोजावी लागली ती अशी. दोन पाणी एक झाली. अंघोळीच्या पाण्यात मैला मिसळला की ते सगळंच मैलापाणी होतं, मग ते पुन्हा वेगळं करता येत नाही; करायचं तर मोठा कारखाना लागतो. आणि ते घराच्या नजरेआड गेलं. मोरीचं भोक बंद झालं, जाळी आली. टोपली गेली, पण मॅनहोल आलं. आणि त्यात उतरणारा माणूस बहुधा त्याच जातीतला राहिला. गटारात गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो.

इंदूरमधली एक दिवाळी

या काळात वेगळा विचार करणारी माणसं होती. लंडनचे डॉक्टर जॉर्ज व्हिव्हियन पूअर यांनी अँडोव्हरच्या आपल्या बागेत घरातलं मैला आणि धुण्याचं पाणी वेगवेगळं मातीत जिरवण्याचे प्रयोग केले आणि १८९३ मध्ये ग्रामीण आरोग्यावरच्या निबंधांचं पुस्तक काढलं. त्यांचं सांगणं असं की, मातीच्या वरच्या थरात जिवंत काहीतरी आहे, ते ही घाण पचवतं; तुम्ही ती पाण्यात नेऊन का टाकता?

हाच धागा पकडणारा माणूस आपल्याकडे आला, तो म्हणजे पॅट्रिक गेडिस. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले, १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. गो. स. घुर्ये त्यांच्याच विभागातून पुढे आले. होळकरांच्या इंदूरसाठी गेडिस यांनी केलेला नगररचनेचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. इंदूर म्हणजे त्या काळी निम्मं मराठी वळणाचं शहर, म्हणून ही गोष्ट आपल्या घरातलीच आहे.

इंदूरमध्ये प्लेग आणि हिवताप होता. अभियंत्यांनी खर्चिक भुयारी गटारांची योजना मांडलेली होती. गेडिस यांनी तिच्यावर आक्षेप घेतला. सगळं गटारात या धोरणाऐवजी सगळं मातीत हे धोरण घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. पाणी लांब नेण्यापेक्षा घरांजवळच्या बागांमध्ये वापरा; बागा वाढतील, नदी वाचेल, खर्च कमी होईल.

पण आम्हाला त्यांच्या अहवालापेक्षा त्यांनी काढलेली मिरवणूक जास्त बोलकी वाटते. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी जाहीर केलं की मिरवणूक ठरलेल्या रस्त्यानं जाणार नाही. ज्या वस्त्या जास्तीत जास्त स्वच्छ होतील त्यांच्यातून जाईल. मग घराघरांत झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती. आणि सफाई कामगार स्वच्छ कपड्यांत, नवी पागोटी घालून, आपल्या सजवलेल्या गाड्यांसह त्या मिरवणुकीत चालले.

एका दिवसाच्या मिरवणुकीनं जात जात नाही, हे खरं. पण गेडिस यांना एक गोष्ट दिसली होती जी गटाराच्या योजनेत कुठेही नव्हती. पाण्याची वाट बदलायची असेल तर त्या वाटेवर काम करणाऱ्या माणसाची जागाही बदलावी लागते.

कणकवलीचा प्रयोग

ही गोष्ट आयुष्यभर करून दाखवणारा माणूस मराठीतच झाला. अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना 'कोकणचे गांधी' म्हणतात. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी भंगीकाम करायची परवानगी मागितली. ती नाकारली गेली, कारण ब्राह्मण कैद्यानं ते काम करायचं नाही असा तुरुंगाचा रिवाज. त्यांनी उपास सुरू केला. येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास आरंभला. सगळा झगडा एका माणसाला संडास साफ करू द्यावा की नाही यावर होता.

पुढे १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. तिथे मैल्याचं खत करण्याचे प्रयोग झाले आणि 'गोपुरी संडास' हे नाव कोकणात रूढ झालं. तत्त्व असं की, मैला पाण्यात मिसळायचा नाही, तो मातीत कुजवायचा आणि खत झाल्यावर काढायचा. ताजा मैला कोणाच्याच हाताला लागत नाही. मग मोरीचं पाणी साहजिकच स्वच्छ राहतं आणि बागेला जातं.

आम्ही वर म्हटलं होतं की दोन पाणी वेगळी ठेवणं आणि माणसं वेगळी ठेवणं या गोष्टी एकाच भिंतीवर टेकलेल्या होत्या. अप्पासाहेबांनी त्या सुट्या करून दाखवल्या. आजच्या भाषेत त्याला 'उगमाशी विलगीकरण' म्हणतात. त्यांच्याकडे ते नाव नव्हतं, फावडं होतं.

पावडर, फ्लॅट आणि १३५ लिटर

स्वातंत्र्यानंतरच्या पन्नास वर्षांत मध्यमवर्गानं सांडपाण्याचा विचार करणं सोडून दिलं, याला कारणं आहेत. फ्लॅटमध्ये परसू नाही. चौथ्या मजल्यावरच्या मोरीखाली केळ लावता येत नाही.

पाण्यात काय आहे तेही बदललं. 'सर्फ' १९५९ मध्ये भारतात आलं, 'निरमा' १९६९ मध्ये. कृत्रिम धुण्याची पावडर घराघरांत पोचली. अशा पावडरमध्ये सोडियमचे क्षार भरपूर असतात. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत पाणी झटकन निचरतं, तिथे त्रास कमी. पण देशावरच्या काळ्या चिकण मातीत सोडियम साठत गेला की मातीचे कण विस्कटतात, छिद्रं बुजतात, जमीन कडक आणि चोपण होते. आजीनं मोरीचं पाणी झाडाला घातलं म्हणून आपणही डोळे मिटून घालावं, हे यामुळे चालत नाही. मोरी तीच असली तरी पाणी बदललेलं आहे.

आणि प्रमाण? भारतीय मानकात शहरातल्या, गटारव्यवस्था असलेल्या घरासाठी दर माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्याची फोड मोठी बोलकी आहे. पिण्याला ५ लिटर, स्वयंपाकाला ५, अंघोळीला ५५, कपड्यांना २०, भांड्यांना १०, घर धुण्या-पुसण्याला १० आणि संडासाच्या फ्लशला ३०. चार माणसांच्या घरात अंघोळ आणि कपडे मिळून ३०० लिटर पाणी रोज जातं आणि त्याच घरात १२० लिटर पिण्यालायक पाणी आपण संडासात ओततो. म्हणजे नुसतं अंघोळीचं पाणी फ्लशला वळवलं तरी ते उरतं. हा हिशेब कागदावरचा आहे, तुमच्या घरी आकडे वेगळे असतील. पण प्रमाण साधारण असंच राहतं.

परतीची वाट

गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे हे पाणी पुन्हा नजरेत येऊ लागलं. नागपूरच्या 'नीरी' संस्थेनं युनिसेफबरोबर मध्य प्रदेशातल्या धार आणि झाबुआ जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांत काम केलं. मुलांच्या अंघोळीचं पाणी साध्या खडी-वाळूच्या गाळण्यांमधून काढून संडास धुण्याला वापरायचं. २००७ मध्ये त्याची मार्गदर्शक पुस्तिका निघाली. यात मोठी गोष्ट अशी की पाणी नाही म्हणून बंद पडणारे शाळेतले संडास वापरता येऊ लागतात, आणि त्याचा मुलींच्या शिक्षणाशी थेट संबंध आहे.

नांदेड जिल्ह्यात घराघरापुढे शोषखड्डे घेऊन गावातली उघडी गटारंच काढून टाकण्याचं काम झालं, 'नांदेड पॅटर्न' म्हणून ते गाजलं. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीचं नाव त्यात पुढे आहे. गटार नाही म्हणून साचलेलं पाणी नाही, म्हणून डासांना जागा नाही. शहरांत राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनं मोठ्या प्रकल्पांना सांडपाण्याच्या पुनर्वापराची अट घातलेली आहे. कागदावर ती आहे. अनेक इमारतींत ते यंत्र भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत चालतं आणि मग त्या खोलीला कुलूप लागतं, हेही आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असेल.

तर मग घरी काय करावं?

इतिहासातून जे निघतं तेवढंच सांगतो. बाकी तपशील जाणकार प्लंबर सांगेल.

पहिलं, मातीत की टाकीत, हे ठरवा. अंगण असेल तर पाणी झाडांना द्या. त्याला यंत्र लागत नाही, उतार लागतो. पाणी संडासाच्या टाकीला हवं असेल तर ते गाळावं लागतं, निर्जंतुक करावं लागतं, वर चढवावं लागतं. पहिल्यांदाच करणाऱ्यानं मातीपासून सुरुवात करावी.

दुसरं, वेगळं ठेवा. न्हाणीघर आणि कपडे धुण्याची जागा यांचा पाइप संडासाच्या पाइपाला मिळण्याआधीच वळवायला हवा. घर बांधताना हे काम स्वस्तात होतं, नंतर फरशी फोडावी लागते. स्वयंपाकघराचं पाणी तेलकट आणि अन्नकणांचं असतं. ते घ्यायचंच असेल तर आधी तेल-खरकटं अडवणारी कुंडी हवी. नाहीतर ते सोडून द्या. आणि हे पाणी पिण्याच्या पाण्याच्या नळाला कुठेही जोडलं जाता कामा नये. पाइपाला वेगळा रंग द्या, म्हणजे दहा वर्षांनी येणाऱ्या प्लंबरलाही ते कळेल.

तिसरं, एक तीन तोंडांची तोटी बसवा, म्हणजे पाणी हवं तेव्हा गटाराकडे वळवता येईल. घरात जुलाब-उलटीचा आजार असेल, बाळाचे लंगोट धुतले असतील, ॲसिड किंवा ब्लीच वापरलं असेल, किंवा आषाढात जमीन आधीच तुडुंब असेल, तेव्हा पाणी गटारात जाऊ द्या. पुनर्वापर हे व्रत नाही, त्याला सुट्टी चालते.

चौथं, साठवू नका. हे पाणी एका दिवसात वापरा. जास्त वेळ राहिलं की त्यातले जीवाणू वाढतात, प्राणवायू संपतो आणि वास सुटतो. जाळी, मग गाळ बसायला छोटी कुंडी, मग खडी-वाळूचा कर्दळीचा वाफा, मग आळं, एवढी साखळी पुरते. पाणी पानांवर फवारायचं नाही, पालापाचोळ्याखाली मुळाशी सोडायचं. केळ, नारळ, आंबा, फुलझाडं चालतात. कोथिंबीर, मुळा, कच्ची खायची काकडी नको. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर शोषखड्डा तिच्यापासून दूर घ्या. जमीन काळी असेल तर पावडर कमी, सौम्य वापरा आणि एकाच आळ्यात वर्षानुवर्षं पाणी न सोडता जागा बदलत राहा.

आणि पाचवं. आमच्या मते हेच मुख्य आहे. जाळीत केस अडकतात, कुंडीत गाळ बसतो, खडी आठ-पंधरा दिवसांनी धुवावी लागते. हे कोण करणार?

ही व्यवस्था बसवणाऱ्या घरांत पहिले सहा महिने उत्साह असतो. मग कोणीतरी म्हणतं, 'एखादा माणूस बघा ना, महिन्याला काही देऊ त्याला.' तो माणूस कोण येतो हे आपल्याला माहीत आहे, त्याला विचारायचीही गरज पडत नाही. त्या क्षणी आपली पर्यावरणपूरक व्यवस्था पुन्हा घरगल्लीच्या जागी जाऊन उभी राहते. पाणी वाचतं, बाग हिरवी दिसते, पण टोपली आपण पुन्हा दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेली असते. सोसायटीचं मोठं यंत्र असेल तर त्याला प्रशिक्षित माणूस लागणार, त्याला योग्य वेतन, साधनं, हातमोजे द्यायला हवेत आणि बंद टाकीत कोणीही उतरणार नाही याची खात्री सोसायटीनं करायला हवी. पण घरातली कुंडी ज्याच्या अंघोळीनं भरली त्यानंच साफ करावी. ती मैल्याची नाही, साबणाच्या गाळाची आहे. काम अर्ध्या तासाचं आहे. आणि घरातल्या पुरुषांनी त्यात पाळी लावून घ्यावी, कारण कळशीच्या काळापासून पाण्याचा हिशेब बायकांच्याच माथी राहिलेला आहे.

सांडणे म्हणजे सोडून देणे, हे आपण सुरुवातीला पाहिलं. आपल्या इतिहासात आपण पाणी सोडलं आणि त्याच्याबरोबर त्याची जबाबदारीही सोडली. आधी माणसावर, मग नळावर. घरगुती पुनर्वापरानं शहराची पाणीटंचाई लगेच मिटेल असा दावा आम्ही करत नाही. शेती आणि कारखान्यांचं पाणी, गळके पाइप हे प्रश्न याहून मोठे आहेत. पण आपण वापरलेलं पाणी कुठे जातं हे ज्या घराला ठाऊक आहे, ते घर पुढचे प्रश्नही विचारू लागतं. आपल्या गावाचं मैलापाणी नदीत कुठे मिसळतं, त्या नाल्याकाठी कोण राहतं, मॅनहोलमध्ये कोण उतरतं. हे विचारायला सुरुवात झाली तरी आजच्या बोलण्याचं काम झालं.

तुमच्या घरी असा प्रयोग चालू असेल तर जमिनीचा प्रकार, वापरलेली झाडं आणि कुंडी कोण साफ करतं, एवढं टिपून ठेवा. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होईल.